स्विफ्टला १६५/८० आर१४ टायर आहेत. पुढचे दोन झिजलेत. नाशिकमधला दुकानदार म्हणतो, तिथे १८५/७० आर१४ टाका. टाकू का?

फक्त पुढे दोन, तेही वेगळ्या साइझचे? नका टाकू. १६५/८० आर१४ ची उंची साधारण ६२० मिमी, १८५/७० ची ६१५. फरक छोटा वाटतो, पण पुढची-मागची पकड वेगळी होते आणि कसारा घाटात पावसात ब्रेक दाबताना ते जाणवतं. रुंद टायर, म्हणजे १८५ मिमी रुंदीचे, हवेच असतील तर चारही बदला. १४ इंची रिमवर ते बसतात, मात्र स्टिअरिंग थोडं जड होईल आणि मायलेजही किंचित कमी होईल. माझं मत विचाराल तर मूळ साइझच घ्या.

मूळ साइझचे दोनच घेत असाल तर नवे मागे लावा, मागचे पुढे आणा. बरेच जण उलट करतात, पण ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटली तर गाडी सावरणं कठीण जातं.

पैशांचं म्हणाल, तर नाशिकमध्येच द्वारका, मुंबई नाका, दोन्हीकडे भाव विचारा. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय, आणि एमआरपीत तो धरलेलाच असतो; वर वेगळा लावू देऊ नका. फिटिंग, बॅलन्सिंग, व्हॉल्व्ह, अलाइनमेंट धरून एकच आकडा आधी ठरवा. टायर कधी बनला हे सांगणारे त्यावरचे चार अंक बघा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. जुना माल असेल तर बिनधास्त दुसरा मागा. पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.