२क्ष + य = ७ आणि ५क्ष − ३य = १ ही दोन समीकरणं सबस्टिट्यूशननं (एकातून काढलेली किंमत दुसऱ्यात घालून) सोडवताना शेवटी ७ = ७ च का येतंय?

तुम्ही २क्ष + य = ७ मधून य = ७ − २क्ष काढलंत ते बरोबरच आहे, य चा सहगुणक (त्याच्यापुढचा गुणणारा आकडा) १ असल्यामुळे अपूर्णांकाची कटकटच नाही, पण मग ती किंमत परत त्याच समीकरणात घातलीत म्हणून ७ = ७ आलं, ते तसंच येणार. दुसऱ्यात टाका ना, म्हणजे ५क्ष − ३य = १ मध्ये. ५क्ष − ३(७ − २क्ष) = १, आता कंस सोडताना सांभाळा, −३ गुणिले −२क्ष म्हणजे +६क्ष होतं (बहुतेकांचं गणित इथंच बोंबलतं). मग ५क्ष − २१ + ६क्ष = १, म्हणजे ११क्ष = २२, क्ष = २, आणि य = ७ − ४ = ३. ताळा दुसऱ्या समीकरणात: १० − ९ = १, जमलं.