सही करण्याआधी केसपेपर बघा : कामावर लागलं-दुखलं तर कामगाराचं काय, मालकाचं काय

ताई, तुमचा प्रश्न आणि त्याखाली काजू कारखानदार दादांनी विचारलेला प्रश्न एकाच धाग्याची दोन टोकं आहेत, म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच लिहितो. लांबेल, सावकाश वाचा. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोट्याच्या केमिकल पट्ट्यात बरीच वर्षं टाइम ऑफिस (कामगारांची हजेरी-पगाराची कचेरी) सांभाळलं. अपघाताचे फॉर्म भरणं, जखमीला घेऊन हॉस्पिटलात बसणं, मग नुकसानभरपाई आयुक्तांपुढच्या (असे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढच्या) तारखा, हे सगळं त्या कामातच आलं. वकील नाही, हे आधीच सांगतो.

नंतर वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात : ताईंचा धाकटा भाऊ, वय ३०, पगार १४,०००, रत्नागिरीजवळ एका बर्फाच्या कारखान्यात क्रशरवर कामाला. बर्फाची लादी अडकली, ती ढकलताना उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून गेलं. मालकाने हॉस्पिटलचं बिल भरलं. आता २५,००० रोख देतो म्हणतो आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर सही मागतो. वर 'कव्हर तूच काढलं होतंस' हेही ऐकवतो. दादांकडे आठ-दहा बायका काजू फोडायला-सोलायला आहेत आणि त्यांना आपली जबाबदारी किती ते जाणून घ्यायचंय.

तर ताई, सही करू नका. आणि केलीच असेल तरी हाय खाऊ नका. नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचा असा परस्पर करार कायदा मानत नाही. एकरकमी तडजोड करायचीच तर ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते, तिथे रक्कम वाजवी आहे का ते पाहिलं जातं. मालकाच्या टेबलावर झालेल्या सहीने दावा मरत नाही. मात्र तो कागद पुढे तुमच्यासमोर नाचवला जाणार आणि दोन तारखा त्यातच जाणार, म्हणून न केलेली बरी.

आता खरा मुद्दा. आजच्या आज हॉस्पिटलातून केसपेपरची प्रत काढा आणि पहिल्या पानावर 'कसं लागलं' या जागी काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडे निम्मे दावे इथेच लंगडे होतात. जखमीला गाडीत घालून आणणारा मुकादम असतो, डॉक्टर विचारतात, आणि भाऊ वेदनेने अर्धा बेशुद्ध असताना मुकादम सांगतो, 'घरी पडला.' कुणी वाईट हेतूने सांगतं असंही नाही. पोलीस नकोत, कारखान्याचं नाव नको, आपलाच माणूस आहे, बघून घेऊ. सगळे एका वाडीतले, मालकाच्या घरच्या गणपतीला आरतीला जाणारे. पण सहा महिन्यांनी मालकाच्या विमा कंपनीचा वकील तेच एक वाक्य मोठ्याने वाचून दाखवतो. 'बर्फाच्या क्रशरमध्ये काम करताना' असं लिहिलेलं असेल तर तुमचं अर्धं काम झालं. चुकीचं लिहिलं असेल तर भावाने हॉस्पिटलला आणि मालकाला लेखी कळवावं की नोंद चुकली आहे, खरा प्रकार असा. तारीख घालून, पोच घेऊन. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने.

आता हिशोब, कारण २५,००० हा आकडा कुठून आला ते मालकालाच ठाऊक. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक पगाराच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक असं सूत्र आहे. ३० वर्षांना गुणक २०७.९८. पगार १४,०००, त्याचे ६० टक्के ८,४००. गुणाकार १७,४७,०३२. हे पूर्ण अपंगत्वाचं झालं. भावाचं अंशतः आहे. एका हाताची दोन बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता २० टक्के घटली असं धरलेलं आहे. म्हणजे साधारण ३,४९,४०६ रुपये. (पगार १५,००० च्या वर असला तरी हिशोबाला १५,०००च धरतात, ही मर्यादा २०२० पासूनची.) उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने वेगळा द्यायचा असतो, तेव्हा 'बिल मी भरलं ना' म्हणून ते या रकमेतून वजा होत नाही. काम बंद असलेल्या काळासाठी दर पंधरवड्याला पगाराच्या पाव भाग, म्हणजे इथे ३,५००. रक्कम देय झाल्यापासून महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही.

एक फसगत टाळा. सिव्हिल हॉस्पिटलचं दिव्यांग प्रमाणपत्र वेगळं आणि ही टक्केवारी वेगळी. प्रमाणपत्र जरूर काढा, इतर सवलतींना लागतं, पण त्यावर कमी टक्के आले म्हणून भरपाईचे २० टक्के खाली येत नाहीत.

कायद्याचं नावही सांगून ठेवतो, कारण हल्ली गोंधळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा तिच्यात गेला. अपघात त्या तारखेआधीचा असेल तर अर्ज जुन्या कायद्याखाली, नंतरचा असेल तर संहितेखाली. वरचं सूत्र दोन्हीकडे तेच. दाव्याची मुदतही तीच, अपघातापासून दोन वर्षं. 'मालक देतो म्हणालाय, दिवाळीनंतर बघू' यात ही दोन वर्षं सहज सरतात.

कव्हरचं प्रकरण मात्र हलक्यात घेऊ नका. कामगाराचा निष्काळजीपणा हा मालकाचा बचाव होत नाही, घाईत हात घातला एवढ्याने हक्क जात नाही. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व नसेल तर तीन गोष्टी मालकाच्या बाजूने जातात : दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली अपघात होणं, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, आणि सुरक्षेचं साधन जाणूनबुजून काढणं. भावाची दुखापत अंशतः असल्यामुळे हा बचाव इथे लागू पडू शकतो. म्हणून तपशील महत्त्वाचा. क्रशरच्या तोंडावर जाळी किंवा कव्हर मुळात होतं का? होतं तर कुणी, कधीपासून काढून ठेवलं होतं? मी पाहिलेल्या बर्फाच्या कारखान्यांत पहाटे बोटी सुटायच्या आधी एकच झुंबड असते. लाद्या एकामागून एक सरकतात, आडवी अडकली की ढकलायला लाकडी दांडा हवा, तो कुठेतरी पडलेला असतो, मग हात जातो. कव्हर कधीचं भिंतीला टेकवून ठेवलेलं, कारण ते लावलं की काम हळू होतं, आणि हे मालकासकट सगळ्यांना दिसत असतं. रोज सगळ्यांसमोर उघडं चालणारं मशीन भावाने 'जाणूनबुजून' उघडलं असं म्हणणं अवघड आहे. पाळीवर बरोबर असलेल्या दोघा-तिघांची नावं लिहून ठेवा, मशीनचे अपघाताच्या सुमाराचे फोटो कुणाच्या मोबाइलवर असतील तर मागून घ्या. आठवडाभरात तिथे नवं कोरं कव्हर बसलेलं दिसेल, सांगून ठेवतो.

हे सगळं करण्याआधी पगाराच्या स्लिपवर ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा, कामगारांची सरकारी विमा योजना) ०.७५ टक्के कपात आहे का बघा. दहा किंवा जास्त माणसं आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचा प्रश्न येतो. भाऊ विमाधारक असेल तर भरपाई मालकाकडून न मागता तिथून घ्यायची, दोन्हीकडून मिळत नाही. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे, किती महिने वर्गणी भरली हे पाहत नाहीत. काम बंद असताना सरासरी रोजाच्या ९० टक्के मिळतात आणि कायमच्या अपंगत्वाला दरमहा रक्कम आयुष्यभर. माझ्या मते गरीब घराला एकरकमीपेक्षा हे बरं. एकरकमीला पाहुणे फार फुटतात.

भावाच्याही जबाबदाऱ्या आहेत आणि त्या टाळल्या तर हक्काचं नुकसान होतं. अपघाताची खबर लगेच द्यायची, शक्यतो लेखी. मालकाने स्वतःच्या खर्चाने डॉक्टरी तपासणीला बोलावलं तर जायचं, विनाकारण नकार दिला तर तेवढ्या काळापुरता हक्क थांबतो. ड्रेसिंग, फिजिओथेरपी मध्येच सोडायची नाही. गावठी उपचार करून हात बिघडला तर 'उपचार नाकारल्याने वाढलं' म्हणायला जागा मिळते. कामावर परत जाताना डॉक्टरांकडून लिहून घ्या की कसलं काम चालेल. बोट गेलेल्या जागेला गारवा सोसत नाही, झिणझिण्या आणि ठणका लागतो, हे पुष्कळांना होतं. बर्फावर परत पाठवणं त्याला झेपणार नाही, ते चिठ्ठीवर यायला हवं.

आता दादा तुमचं. 'आठ-दहा' म्हणताना आठ की दहा ते आधी ठरवा, कारण दहावर ईएसआयचं दार उघडतं. आठ असल्या तरी भरपाईची जबाबदारी सुटत नाही. रोजंदारी, हंगामी, नोंद नसलेली, सगळ्या धरल्या जातात. मुकादमामार्फत आणलेल्या असतील तरी तुम्हीच मुख्य मालक. आधी तुम्ही भरायचं, मग मुकादमाकडून वसूल करता आलं तर करा. ईएसआय लागू नसेल तर भरपाईची विमा पॉलिसी काढा आणि त्यात खऱ्या संख्येइतकी माणसं आणि खरा पगार दाखवा. हप्ता वाचवायला चार दाखवल्या तर पाचवी जखमी झाल्यावर काय होतं ते मी लिहायला नको. दंड लागला तर तो विमा कंपनी भरत नाही, तुमच्या खिशातून जातो.

अपघात झाला तर प्रथमोपचार, गाडी, हॉस्पिटल हे आधी, आणि डॉक्टरांना खरं सांगायचं. रजिस्टरला नोंद, विमा कंपनीला त्याच दिवशी कळवणं. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तर सात दिवसांत आयुक्तांना कळवणं बंधनकारक आहे. आणि एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती चांगली माणसं करून बसतात : कामगार दगावला की सरपंच आणि चार जाणत्यांसमोर घरच्यांच्या हातात रोख ठेवतात, कागदही करतात. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाईत धरत नाहीत. तीन महिन्यांच्या पगाराएवढी आगाऊ रक्कम तेवढी वळती होते. बाकी पुन्हा भरावी लागते. घरात विधवा, म्हातारी आई, सज्ञान न झालेली मुलं असतात, पैसे कुणाच्या वाट्याला किती हे आयुक्त ठरवतात, आणि ते योग्यच आहे. दिरांच्या हातात गेलेले पैसे मी पाहिले आहेत.

काजूतला खरा धोका मशीनपेक्षा टरफलातल्या तेलाचा. हात काळे पडतात, सोलवटतात, फोड येतात, बायका राख नाहीतर खोबरेल लावून काम ढकलतात. हे 'काजूचं कामच तसं' म्हणून सोडू नका. कामातल्या रसायनाने होणारे त्वचारोग व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आहेत आणि अशा रोगाला अपघातासारखीच भरपाई लागते. हातमोजे द्या, पण फाटले की बदलून द्या.

आजाराचा विषय निघालाच म्हणून कणकवली तालुक्यातल्या कासार्डे भागातल्या वाळूवर काम केलेल्यांसाठी एक वेगळं वाक्य. सिलिका वाळूच्या धुळीत वर्षं काढलेल्याला दम लागतोय, खोकला जात नाहीय आणि टीबीचं औषध चालू असून उतार नाही, तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा की मी सिलिका वाळूत काम केलंय. सिलिकोसिस आणि टीबी एक्स-रेवर सारखे दिसू शकतात, दोन्ही एकत्रही असतात. डॉक्टर काय काम करता हे विचारतीलच असं नाही. सिलिकोसिस त्याच यादीत आहे, आणि अनेक मालकांकडे काम केलं असलं तरी हक्क बुडत नाही.

बोटीवरचे खलाशी कायद्याच्या व्याख्येत येतात. पगार वाट्यावर आणि उचलीवर असल्याने किती मिळत होतं हे सिद्ध करणं जड जातं, म्हणून उचलीची वही जपा. विंचमध्ये (जाळं ओढायच्या यंत्रात) हात गेला तर तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, लगेच सांगून बंदराला लागताच दवाखान्यात खरी नोंद करा. मत्स्य संपदा योजनेतला सामूहिक अपघात विमाही आहे, मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला अडीच लाख. आपलं नाव त्यात आहे का ते मच्छीमार सोसायटीत विचारा. आंबा काढणीच्या गड्याची स्थिती सगळ्यात वाईट. झाडावरून पडला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना सातबारावाल्याला आणि त्याच्या घरच्याला, मजुराला नाही. बागायतदारांनी निदान वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा प्रत्येक गड्याच्या बँक खात्यावर काढून द्यावा. एका पेटीच्या भावात किती माणसांचा निघतो ते बघा.

ताई, अर्ज कुठे करायचा तर अपघात झाला त्या भागाच्या किंवा तुम्ही राहता त्या भागाच्या नुकसानभरपाई आयुक्तांकडे. गोव्यात किंवा मुंबईत लागलेल्यांनाही हे लागू आहे, गावाकडून दावा करता येतो. पत्ता सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात मिळेल. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देतं, कामगाराला आणि दिव्यांगाला उत्पन्नाची अट न लावता. फोन १५१००. आधी मालकाला नोटीस पाठवा : तारीख, वेळ, मशीन, गेलेली बोटं, पगार, मागणी, एवढंच. रागाचं एकही वाक्य नको, त्या मालकाकडे तुमचे अजून दोन चुलतभाऊ कामाला आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मसुदा झाला की नाव-गाव खोडून इथे टाका, बघून देतो.