कूलर बंद कर, मग राक्षस आण

प्रिय पोरी,

तुझी ४० पानं मी दोन रात्रींत वाचून काढली. खेळताना वाजवायला म्हणून सोबत पाठवलेली ६३ गाणीही ऐकली, सकाळी पोळ्या लाटताना, लागोपाठ तीन दिवस. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळात पहिल्यांदा डीएमच्या खुर्चीत बसायचं, म्हणजे टेबलावर गोष्ट सांगत मित्रांच्या पात्रांना खेळवायचं, म्हणून तू केवढी राबली आहेस ते पानापानावर दिसतं. आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिलेला तो प्रश्न: "ताई, यातलं अर्धं पिक्चरमधून अन् गाण्यांमधून आलं आहे. हे चालते का?"

चालते. तसं चाललं नसतं तर हा खेळ जन्मालाच आला नसता. १९७० च्या आसपासची गोष्ट. अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात, डेव्ह आर्नेसन नावाच्या तरुणाने सुट्टीत टीव्हीवर ओळीने राक्षसांचे पिक्चर पाहिले, मधल्या वेळात तलवारबाजीच्या कादंबऱ्या वाचल्या, पॉपकॉर्न खाल्ले आणि ग्राफपेपरवर रेघा ओढता ओढता एका किल्ल्याखालची भुयारं काढली. हे त्याने स्वतःच पुढे सांगून ठेवलं आहे. त्या भुयारांत त्याने मित्रांना उतरवलं. मग गॅरी गायगॅक्स आणि त्याने मिळून ते सगळं नियमांत बसवलं आणि १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स छापून बाहेर आला. तू ज्या घुबडतोंड्या अस्वलाला घाबरतेस ना, ते आलं गायगॅक्सने स्वस्तातल्या दुकानातून आणलेल्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांमधून. हाँगकाँगचा माल, पिशवीत भरलेले वेडेवाकडे प्राणी. लोखंडाला गंज चढवून खाणारा तो कीटकासारखा प्राणीही त्याच पिशवीतला. आपल्या तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला निघतात तेव्हा मला दरवर्षी हे आठवतं. खेळण्याला जीव यायला फार काही लागत नाही, त्याला घेऊन घराबाहेर पडावं लागतं.

तेव्हा उचलायची लाज नको. फक्त काय उचलतेस तिकडे लक्ष दे.

गायगॅक्सने १९७९ च्या डीएमसाठीच्या पुस्तकात शेवटी एक परिशिष्ट दिलं, 'एन' नावाचं. मी कुणाकुणाला वाचून हे केलं त्याची मोकळी कबुली आहे ती. त्या यादीत जॅक व्हान्स हा लेखक आहे. त्याच्या गोष्टींतला जादूगार मंत्र घोकून डोक्यात भरतो आणि एकदा म्हटला की तो मंत्र डोक्यातून पुसला जातो. गायगॅक्सने व्हान्सचा जादूगार घेतला नाही, त्याची गोष्टही घेतली नाही. मंत्र एकदाच वापरता येतो आणि मग विसरतो, मुख्यतः एवढंच घेतलं. त्या एका गोष्टीमुळे पन्नास वर्षं झाली तरी टेबलावर पोरं डोकं धरून बसतात, की आत्ता वापरू का पुढच्या खोलीसाठी ठेवू? उलटं उदाहरण हॉबिट्सचं. सुरुवातीच्या पुस्तकांत त्यांना चक्क त्याच नावाने घेतलं होतं. टॉल्किनच्या साहित्याचे हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी हरकत घेतली आणि नाव बदलून 'हाफलिंग' करावं लागलं. नाव गेलं, पण बुटका, घरकोंबडा, वेळ आली की भलताच धीट निघणारा माणूस टेबलावर राहिलाच. नाव काढून घेतल्यावरही जे उरतं ते तुझं.

मी हे फार उशिरा शिकले. २००९ मध्ये आम्ही धरमपेठेतल्या एका मैत्रिणीच्या गच्चीवरच्या खोलीत खेळायला लागलो, तेव्हा वीस बाजूंचा फासा नागपुरात कुठे मिळतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. श्रीखंडाच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या घालून आम्ही त्या हलवून काढायचो. माझं पहिलं कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन, अनेक बैठका चालणारी गोष्ट, मी एका पिक्चरवरून बेतलं. नावं बदलली, गाव बदललं, काळ बदलला, महिनाभर जीव ओतून लिहिलं. दुसऱ्या सेशनला, खलनायक नुसता दारात उभा राहिला आणि माझा एक मित्र हळूच म्हणाला, "अबे, हा तर तोच आहे." त्याने काही वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण त्या क्षणापासून चौघंही खेळत नव्हते, आठवत होते. पुढे पूल तुटणार हे त्यांना माहीत होतं, म्हणून पुलावर कुणी पायच ठेवला नाही. आणि मी त्यांना पुलावर ढकलायचा आटापिटा करत राहिले, कारण माझ्या कागदावर तेवढंच होतं. तिसरं सेशन झालंच नाही. त्या संध्याकाळी चौघांचे चेहरे कसे उतरले होते ते मला अजून दिसतं. आपल्यावर विश्वास ठेवून आलेल्या माणसांना मी प्रेक्षक करून टाकलं होतं.

म्हणून तुझ्या पान ३ ते १६ वरचा तो सगळा राजवाडा, ती गादीची भानगड आणि तो विश्वासघातकी सेनापती बाजूला ठेव असं मी म्हणते. मी तो पिक्चर तीनदा पाहिला आहे. तुझे मित्र तर त्याचे संवाद पाठ म्हणतील.

पण पान १७! वेशीपाशी बसलेली ती म्हातारी. गावात शिरायचं असेल तर प्रत्येकाने तिला आपलं एक वाक्य द्यायचं, आणि ते वाक्य पुन्हा आयुष्यात बोलायचं नाही. मी वाचता वाचता थांबले. पान हातात तसंच. कुणी "मला भूक लागली" देऊन टाकेल आणि पुढच्या जंगलात उपाशी मरायची वेळ आली तरी त्याला ते मागता येणार नाही. कुणी हुशारी करून "माझं चुकलं" देईल, आणि मग बघ काय होतं त्याचं. हे तू कुठून आणलंस? कुठून तरी आलंच असेल, एखाद्या गाण्यातून, एखाद्या प्रसंगातून. पण मला ते ओळखता आलं नाही, आणि तुझ्या टेबलावरही कुणाला येणार नाही. ही म्हातारी तू दोन किल्ल्यांच्या मध्ये अर्ध्या पानात गाडून ठेवली आहेस. तिला बाहेर काढ. सगळं सेशन तिच्यावर उभं राहील.

आता तू म्हणशील, पिक्चर पाहून असं नेमकं काय उचलायचं ते कसं कळणार? मी एकच करते. पाहून झाल्यावर लगेच काही लिहीत नाही. आठ दिवस जाऊ देते. आठ दिवसांनी गोष्टीचा क्रम पुसट होतो, नटांचे चेहरे मागे पडतात, आणि एखादी खूणच तेवढी टोचत राहते. दार वाजतं आहे आणि आतली बाई उठत नाही, असं काही. ती खूण वहीत लिहायची, पिक्चरचं नाव लिहायचं नाही. माझ्या वहीत आता अशा कितीतरी ओळी आहेत आणि त्यातल्या निम्म्या कुठून आल्या ते मलाच सांगता येत नाही.

आणि पोरी, पॉप कल्चर म्हणजे फक्त पडद्यावरचं असं कुणी सांगितलं तुला? तू नागपूरच्या महाल भागात वाढलीस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावरून काळी आणि पिवळी मारबत, गावाची पीडा घेऊन जाणारे ते मोठे पुतळे, मिरवत निघते, १२५ हून जास्त वर्षांची परंपरा. मागे बडगे नावाचे पुतळे, ज्यांच्यावर त्या त्या वर्षाची भ्रष्टाचारापासून महागाईपर्यंतची सगळी चीड लोकांनी डकवलेली. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" असं लाखभर घशांतून एकदम निघतं तेव्हा छातीत हादरा बसतो. मी एकदा एवढंच घेतलं: एक गाव, जिथे दरवर्षी प्रत्येक घर आपली एक पीडा पुतळ्यावर टाकतं आणि पुतळा जाळतं. यंदा तो जळत नाही आहे. सेशनच्या सुरुवातीला मी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या पात्राने गेल्या वर्षी त्यात काय टाकलं होतं? एका अगदी गप्प पोराने बराच वेळ घेतला आणि म्हणाला, "माझ्या भावाचं नाव." पुढचे चार तास मला फारसं काही करावंच लागलं नाही.

गंमत बघ. २०२० मध्ये स्वीडनमधून मर्क बोर्ग नावाचा एक खेळ आला. डूम मेटल या संथ, जड, काळोख्या संगीतातून उगवलेला. त्याचं पुस्तक भडक पिवळं आणि काळं. त्यात रोज पहाटे फासा टाकून जगाच्या अंताची एकेक भविष्यवाणी खरी होते का ते बघायचं, आणि सातवी खरी झाली की खेळ संपला, पुस्तक जाळून टाका असं त्यातच लिहिलं आहे. पिवळं, काळं आणि शेवटी जाळणं! त्या लोकांना आपल्या इतवारीतली मारबत माहीत असायचं काही कारण नाही. पण त्या संगीताची गाणी टेबलावर न वाजवता, त्याचा जडपणाच नियमात कसा उतरवता येतो, यासाठी तरी तू तो खेळ वाच.

आता तुझी ६३ गाणी. यातली शब्दांची सगळी काढ. तुझी आवड उत्तम आहे, पण टेबलावर तुझा आवाज आणि गायकाचा आवाज एकाच कानासाठी भांडतात आणि गायक जिंकतो. ओळखीचं गाणं लागलं की चौघं गुणगुणायला लागतात, गुहा जाते आणि कुणाच्या तरी लग्नातली वरात दिसायला लागते. नुसत्या वाद्यांचं ठेव. तेही प्रसंगाला एक असं नको. प्रसंग कधी येईल ते तुझ्या हातात नसतं आणि मग तू निम्मा वेळ मोबाइलमध्ये मान घालून धून शोधत बसशील. जागेला एक ठेव. म्हातारीच्या वेशीची एक धून. ती तीनदा ऐकली की चौथ्या वेळी तू तोंड उघडायच्या आधीच त्यांच्या अंगावर काटा येतो.

एक गोष्ट पुण्या-मुंबईचे सांगणार नाहीत. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये कूलरशिवाय बसता येत नाही, आणि कूलरची घरघर तानपुरा, चेलो, खालच्या पट्टीचं जे काही असेल ते सगळं गिळून टाकते. वर तरंगते ती बासरी, संबळ, झांज. माझी पहिली तीन वर्षं मला कळेना की घरी एकटीने ऐकताना इतकं भरून येणारं संगीत टेबलावर काहून मेल्यासारखं होतं. मग एकदा मे महिन्यात भर सेशनमध्ये लाईन गेली. पात्रं तळघराच्या पायऱ्या उतरत होती. पंखा थांबला, कूलरचं पाणी थेंब थेंब टपकत राहिलं, खसच्या ताट्यांचा ओला वास तेवढा राहिला, आणि खोलीत इतकी शांतता पसरली की कुणीतरी थुंकी गिळल्याचा आवाज आला. मी अगदी हळू म्हटलं, "खाली कुणीतरी तुमच्या पायऱ्या मोजतंय." पुढची वीस मिनिटं कुणी पाणीसुद्धा प्यायला उठलं नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या आणि चौघंही एकमेकांना चिकटून बसले होते. तेव्हापासून मी भीतीचा प्रसंग यायच्या दोन मिनिटं आधी स्वतःच उठून कूलर बंद करते. कुणाला काही सांगत नाही. उकाडा चढत जातो, आवाज गेलेला असतो, आणि कान टवकारले जातात. तुझ्या ६३ गाण्यांत हे एकही गाणं करू शकणार नाही.

लयीचं मात्र संगीताकडूनच शीक. तू तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या आहेस, तुला सम म्हणजे काय हे मी सांगायला नको. खेळाडू कुठेही भटकू देत, बाजारात जाऊ देत, बोकडाशी वाद घालू देत. पण ते समेवर कुठे येणार ते तुला माहीत पाहिजे. लढाईत दुगुन कर: वाक्यं छोटी, "तुझी पाळी, बोल, पुढे." लढाई संपली की विलंबित. माझी मावशी गडचिरोलीतल्या वडशाची, तिच्याकडे दिवाळीनंतर धान निघालं की मी झाडीपट्टीची नाटकं बघायला जायची, रात्रभर चालणारी. रात्री दोनला, थंडीत, चादरी गुंडाळून पेंगणारे हजारभर लोक मंचासमोरचे वादक कसे जागे करतात ते एकदा जाऊन बघच. रडवणाऱ्या प्रवेशाच्या पाठोपाठ हसवणारा प्रवेश येतो, आणि त्याने आधीचं रडू पुसलं जात नाही, उलट जास्त आत जातं. डीएमगिरीचं माझं निम्मं शिक्षण तिथल्या सतरंजीवर झालं.

आणि शेवटाला भैरवी. मैफलीत ती सुरू झाली की कुणी सांगावं लागत नाही की आता आवरायचं. मी माझ्या प्रत्येक सेशनच्या शेवटी पेटीवरची तीच एक भैरवी लावते, तेरा वर्षं झाली. कोण कुठे अर्धवट लटकलेलं असलं तरी ती वाजली की सगळे कॅरेक्टर शीट, आपापल्या पात्रांचे कागद, मिटतात आणि तर्री पोह्यांचं बोलायला लागतात.

रविवारी चार वाजता ये. पान १७ आण, बाकी ३९ घरी ठेव. धुना पाचच निवड आणि पाचही माझ्या कूलरसमोर वाजवून बघू, कोणत्या तरतात. तुला म्हातारी व्हायचं आहे, मी वेशीतून आत यायला बघणार. मी तुला कोणतं वाक्य देणार ते मी ठरवून ठेवलं आहे, आणि ते देताना मला जड जाणार आहे.

तुझी,
ताई