नॉर्वेच्या लोककथांवरचं ऑर्केस्ट्रा संगीत ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

सरळ नॉर्वेचा संगीतकार ग्रीग याच्या ‘पेअर ग्युंट’पासून करा. गुडब्रान्सडाल खोऱ्यातल्या पेअर नावाच्या शिकाऱ्याच्या लोककथांचा धागा घेऊन नाटककार इब्सेनने १८६७ मध्ये नाटक लिहिलं. १८७६ च्या पहिल्या प्रयोगासाठी ग्रीगने संगीत दिलं.

सगळं नाट्यसंगीत लांबलचक आहे, आधी फक्त पहिला स्वीट (suite, म्हणजे त्यातल्या निवडक तुकड्यांचा संच) ऐका. त्यातला शेवटचा तुकडा म्हणजे डोंगरराजाचा, ट्रोल नावाच्या लोककथेतल्या राक्षसांचा दरबार. चेलो, डबल बेस आणि बसून (bassoon) ही खर्जातली वाद्यं दबक्या पावलांनी एक धून सुरू करतात. धून तीच राहते, लय आणि आवाज मात्र वाढत वाढत शेवटी नुसता धुमाकूळ. गंमत म्हणजे ग्रीगला स्वतःला हा तुकडा सहन होत नसे! आणि स्वीटमधली ती प्रसिद्ध ‘पहाट’ नाटकात नॉर्वेत नाही, मोरोक्कोत उगवते.

मग नॉर्वेचाच संगीतकार हाल्वोर्सन याचं ‘फॉसेग्रिमेन’ (१९०५). फॉसेग्रिम हा लोककथेतला जलात्मा धबधब्यात राहतो आणि मांसाच्या बदल्यात फिडल (व्हायोलिन) शिकवतो; मांस कमी पडलं तर नुसतं वाद्य जुळवायला शिकवून बोळवण करतो. इथे ऑर्केस्ट्रासोबत हार्डांगर फिडल हे नॉर्वेचं लोकवाद्य वाजतं. त्याला आपल्या सारंगीसारख्या तरफेच्या तारा असतात. माझ्या मते लोककथेचा रांगडेपणा ग्रीगपेक्षा इथेच जास्त आहे.