चालता चालता नाच कुठं सुरू होतो, ते बघा

तुमचा प्रश्न असा: हॉलिवूडच्या आणि ब्रॉडवेच्या, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीच्या, जुन्या म्युझिकल्समधले (नाच-गाण्यांतून पुढे जाणाऱ्या कथांमधले) नाच एवढे नावाजलेले का? तुम्हाला ते सगळे एकसारखेच वाटतात, कोट-टोपी, हसरे चेहरे आणि बुटांची टकटक. मग त्यात बघायचं काय?

मी नऊ वर्षं कथक शिकले, त्यामुळे माझं लक्ष आधी पायांकडे जातं. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. गाणं कसं आहे, सेट किती भव्य आहे हे बाजूला ठेवा. पात्र साधं चालत असतं आणि त्या चालण्याचा नाच होतो, ती जागा शोधा. चांगल्या नाचात ती जागा हमखास असते आणि एकदा सापडली की सगळे नाच वेगवेगळे दिसायला लागतात.

पहिला नाच 'स्विंग टाइम' (१९३६) या सिनेमातला, शेवटाकडचा 'नेव्हर गॉना डान्स'. फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स. तिचं लग्न दुसऱ्याशी ठरलंय, नाइटक्लब रिकामा झालाय, दोन्ही बाजूंनी वळत वर जाणारे जिने आहेत. तो गाणं म्हणतो, ते संपतं आणि दोघं शेजारी शेजारी नुसते चालायला लागतात. मान खाली, हात सैल. काही पावलांनंतर लक्षात येतं की दोघांची पावलं एकाच लयीत पडताहेत. नाच कधी सुरू झाला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. मी ती जागा कितीतरी वेळा मागे घेऊन पाहिली आहे. पुढे संगीतात त्यांच्या आधीच्या नाचांच्या चाली परत येतात, म्हणजे दोघं आपलं सगळं प्रेम पुन्हा एकदा नाचून घेतात. मग दोघं वेगवेगळ्या जिन्यांनी वर जातात, वर शेवटच्या गिरक्या होतात आणि ती गिरकी घेतच दारातून निघून जाते. तो एकटा उरतो. एका शब्दाशिवाय निरोप झालेला असतो.

हे इतकं स्पष्ट दिसतं त्याचं कारण अस्टेअरचा हट्ट. कॅमेऱ्यात नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसला पाहिजे आणि मध्ये कमीत कमी तुकडे पडले पाहिजेत. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. या नाचाच्या वेळी ४७ टेक झाले आणि जिंजरच्या बुटांत रक्त आलं, असं सांगतात. आता पुन्हा पाहताना तिचा चेहरा बघा, त्यावर यातलं काहीही दिसत नाही.

त्याच सिनेमात अस्टेअरनं कृष्णवर्णीय दिसावं म्हणून चेहऱ्याला काळा रंग लावून केलेला एक नाच आहे. थोर कृष्णवर्णीय टॅप नर्तक बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन यांना मानवंदना म्हणून. मला तो बघवत नाही. टॅप, म्हणजे तळाला धातूची पट्टी लावलेल्या बुटांनी ताल वाजवत नाचणं, ही कला मुळात ज्यांच्या पायांतून घडली, त्यांना त्या काळी मुख्य भूमिका क्वचितच मिळायच्या. म्हणून लगेच 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) पाहा. त्यात नायक स्वतः रॉबिन्सन आहेत आणि शेवटाजवळ कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदासोबत निकोलस बंधू येतात.

थोरला फेयार्ड, धाकटा हॅरोल्ड. शाळेत जाऊन नाच शिकलेले नाहीत. आईवडील नाट्यगृहात वादक होते, तिथले कलाकार बघून फेयार्ड शिकला आणि त्यानं भावाला शिकवलं. इथं दोघं वादकांच्या स्टँडवरून उड्या घेत जातात, पियानोवर चढतात आणि पियानोवादकाशी सवाल-जवाब करतात. तो बोटांनी विचारतो, हे बुटांनी उत्तर देतात. माझ्यासारखीला ही थेट तबल्याबरोबरची जुगलबंदीच वाटते. मग जिना. एक भाऊ पायरीवर, दुसरा त्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर दोन्ही पाय पूर्ण फाकवून बसतो. लगेच पहिला त्याच्यावरून. असं खालपर्यंत. उडी तर भीषण आहेच, पण त्याहून अवघड उठणं आहे. हात न टेकता, मांड्यांच्या ताकदीवर, लय न सोडता उभं राहणं. कधी जमिनीवर तसं बसून उठायचा प्रयत्न करा, म्हणजे कळेल मी काय म्हणते आहे ते.

गोऱ्या नटांच्या सिनेमांत या दोघांचे नाच कथेपासून सुटे ठेवले जायचे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या राज्यांत सिनेमा लावताना तेवढा तुकडा कापून टाकता यावा म्हणून. हे कळल्यापासून मी त्यांचा नाच कधीच भरभर पुढे पळवून पाहिला नाही.

'सिंगिंग इन द रेन' (१९५२) तुम्ही पाहिलाच असेल, म्हणून थोडक्यात. जीन केली टॅक्सी नको म्हणून हातानं परत पाठवतो आणि पावसात चालू लागतो. तिथपासून छत्री मिटेपर्यंतचा भाग बघा, चालण्याचा नाच होतानाचा तो धडाच आहे. त्याला तेव्हा १०३ अंश ताप होता.

रंगमंचाचं वेगळं, तिथं प्रेक्षकाला नाचणारा कायम पूर्णच दिसतो. ३१ मार्च १९४३ला ब्रॉडवेवर 'ओक्लाहोमा!' आलं. त्यात नृत्यदिग्दर्शिका अ‍ॅग्नेस डी मिलनं पहिल्या अंकाच्या शेवटी नायिकेचं स्वप्न पूर्ण नाचातून मांडलं. तिच्या मनातली भीती संवादात कुठंच एवढी उघडी पडत नाही. १९५७ साली दिग्दर्शक आणि नृत्यदिग्दर्शक जेरोम रॉबिन्स यांचं 'वेस्ट साइड स्टोरी' आलं. त्याच्या १९६१च्या सिनेमाची सुरुवात न्यूयॉर्कच्या खऱ्या रस्त्यांवर चित्रित केली आहे, लिंकन सेंटर या कलासंकुलासाठी पाडायला काढलेल्या वस्तीत. टोळीतली पोरं चुटक्या वाजवत चालतात. मध्येच एकाचा हात नुसता पसरतो, पुन्हा चालणं, मग दोघांची पावलं हलकी होतात. मारामारी होणार हे आपल्याला त्या पावलांतूनच कळतं.

हे सगळं पाहून झालं की नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसीचं 'बिग स्पेंडर' पाहा. 'स्वीट चॅरिटी'मधलं, रंगमंचावर १९६६ साली आणि सिनेमात १९६९ला. इथं चालणं फारसं नाहीच. डान्स हॉलमध्ये पैशांवर नाचणाऱ्या बायका एका कठड्याला रेलून ओळीनं उभ्या आहेत. एक खांदा हलतो, एक गुडघा आत वळतो, मान झुकते. आवाज मोठा ठेवा आणि नजर कंबरेखाली, कठड्यामागच्या पायांवर ठेवा. त्या पायांचा थकवा दिसतो का, ते मला कमेंटमध्ये कळवा.