वाचलेलं सगळं शिळं होतंय?

"संविधानातले चालू प्रश्न हा विषय घेतला खरा, पण रोज नवा निकाल येतो. कालचं वाचलेलं आज शिळं. मी मागेच पडतोय." कायदा शिकणाऱ्या मुलांचं हे गाऱ्हाणं ठाण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदाचं लिहूनच टाकते.

त्यातलीच सानिका (नाव बदललंय). कळव्याची, एलएलएमला. निकालांचे ढीगभर ग्रुप, पीडीएफनी गच्च फोन, झोप पहाटे. सेमिनार होता कलम ३९(ख) वर, म्हणजे समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी, हे तत्त्व.

"मॅडम, नऊ न्यायमूर्तींचा निकाल. त्यावर बोलणारी मी कोण?"

"भांडण सुरू कुठून झालं?"

निकालाची तारीख तोंडपाठ होती, ५ नोव्हेंबर २०२४. सुरुवात मात्र माहीत नव्हती.

पुढच्या वेळी वहीचं पान भरून आणलं. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात '८-अ' प्रकरण आलं. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा) खासगी इमारती, ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली तर, संपादित करायची सोय झाली. मालक १९९२ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. खासगी मालमत्ताही ३९(ख) मधली समाजाची साधनसंपत्ती ठरते का, हा प्रश्न २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे सोपवला गेला.

"मॅडम, हे तर माझ्या जन्माआधीपासून चालू आहे!" मग जरा थांबून, "आजीची गिरगावातली चाळ उपकराचीच होती."

मी गप्प बसले. नेमकं कधी गप्प बसायचं, एवढं मला जमतं. ती बोलत सुटली: टेकू लावलेला जिना, मालकाच्या हाती पडणारं चिल्लर भाडं, दुरुस्ती कोणी करायची यावरची भांडणं. आणि तिथून थेट कोर्टात. "सात जण म्हणतात, प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती होत नाही. न्या. नागरत्ना काही बाबतीत वेगळ्या. न्या. धुलियांना ते मान्यच नाही."

"आणि तुला?"

"धुलियांचं पटतं. पण आजीच्या मालकाचंही अगदीच चुकत नव्हतं."

मत असं तयार होतं! घडतं त्यापेक्षा त्याबद्दल मनात धरलेली समजूतच माणसाला जास्त छळते, असं मानणारी मी. सानिकाची समजूत होती, 'सगळं वाचून झाल्याशिवाय मला तोंड उघडायचा हक्क नाही.' घटनापीठावरच्या न्यायमूर्तींचंही एकमत होत नाही, हे वाचत असूनही ती समजूत हलली नव्हती. चाळीच्या जिन्याने हलली.

तेव्हा मुलांनो, सत्रात दोन-तीनच प्रकरणं घ्या, पण मुळापासून. कोर्टात कोण गेलं, कशासाठी गेलं, हे आधी शोधा. असहमतीचं निकालपत्र टाळू नका, बहुमताचे कच्चे दुवे तिथे आयते मिळतात. ताज्या निकालांना आठवड्यातली एक ठरलेली वेळ द्या. झोप-जेवण बरेच दिवस बिघडलं असेल, तर मात्र अभ्यासाच्या युक्त्या पुरत नाहीत, डॉक्टरांना भेटा.

सानिकाचे बाबा तिला रोज सकाळी कोर्टाच्या बातम्या पाठवायचे. त्यांना म्हटलं, रविवारी एकदम पाठवा. त्यांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही.