‘तुला कंटाळा सहन होतो का?’

पत्र

ताई, मी डिचोली तालुक्यातून लिहितेय. बारावी सायन्स, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही आहेत. आठवीत असताना आमच्या शाळेत अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या एक शास्त्रज्ञ मॅडम आल्या होत्या. त्या दिवसापासून माझं ठरलं. त्यांचा पेपरात आलेला फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. गेल्या महिन्यात पणजीतल्या एका कार्यक्रमात त्या पुन्हा भेटल्या. पाऊण तास रांगेत उभी होते. वहीत सात प्रश्न लिहून नेले होते, समोर गेल्यावर एकही आठवला नाही. ‘तिथे भीती नाही वाटली?’ एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तिथे मी सगळे मिळून दोन उन्हाळे होते गं. बाकीची वर्षं मायक्रोस्कोपसमोर गेली, समुद्राच्या गाळातली फोरॅमिनिफेरा नावाची इवली कवचं मोजत. तुला कंटाळा सहन होतो का?’ मला काही बोलताच आलं नाही. सेल्फी घेतला आणि बाजूला झाले. मैत्रिणींना फोटो आवडला, मला तो बघवत नाही. बाबा म्हणतात, आता तरी ते खूळ सोड आणि फार्मसी कर. मी चुकीच्या माणसाला आदर्श मानलं का? आणि आता शिकू काय?

उत्तर

प्रिय बाय,

तुझ्यामागे रांगेत मुलं ताटकळत होती. ‘छान, खूप अभ्यास कर’ म्हणून पाठीवर थाप मारली असती तरी त्या मॅडमचं काम झालं असतं. तू खुशीत घरी आली असतीस आणि हाती काहीच लागलं नसतं. त्याऐवजी त्यांनी आपल्या नोकरीतल्या सगळ्या वर्षांचा हिशेब दोन वाक्यांत तुझ्यापुढे मांडला आणि तुला एक प्रश्न विचारला. माझ्या मते त्या दिवशी रांगेतल्या कुणालाच याहून मोठी गोष्ट मिळाली नसेल. तू माणूस अचूक निवडलास. फक्त त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून तुझ्याकडे बाकी आहे.

तुला बोलता आलं नाही याचं मला काहीच वाटत नाही. मी एकोणीस वर्षांची असताना फोंड्याजवळच्या एका देवळात एका नामवंत गायिकेचं गाणं होतं. तेव्हा मी गाणं शिकत होते आणि त्या माझं दैवत होत्या. कार्यक्रमाआधी धीर करून त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या तानपुरे जुळवत होत्या. पंधरा-वीस मिनिटांत त्यांनी एकदाच वर बघितलं, ‘बस’ म्हणाल्या आणि परत खुंटीला हात घातला. मला तो अपमान वाटला. गाणं न ऐकताच घरी आले आणि त्याच वर्षी क्लास सोडला. त्यांनी मला बसायला सांगितलं होतं, हे माझ्या लक्षात यायला फार वर्षं गेली. शिकण्यासारखं जे होतं ते त्या खोलीतच चाललं होतं आणि तिथे मला जागा मिळाली होती. तुझं पत्र वाचताना मला ती खोली आठवली, म्हणून इतकं लांबलचक उत्तर लिहितेय. तू उठून येऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

आता त्या मॅडम नक्की काय मोजतात ते बघ. फोरॅमिनिफेरा हे समुद्रातले एकपेशीय जीव. बहुतेकांचं कवच चुन्याचं असतं, आणि वाळूच्या कणाएवढं किंवा त्याहून लहान. जीव मेला की कवच तळाशी बसतं. थरावर थर साचत जातात. जहाजावरून पोकळ नळी तळात खुपसून त्या थरांचा उभा गाभा वर काढतात. प्रयोगशाळेत त्याचे पातळ काप करतात, 63 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीवर पाण्याने धुतात, वाळवतात आणि मायक्रोस्कोपखाली बारीक ब्रशच्या ओल्या टोकाने एकेक कवच उचलून वेगळं ठेवतात. एका नमुन्यातून साधारण तीनशे कवचं मोजायची असा रिवाज आहे. एका गाभ्यात असे नमुने किती निघत असतील, याचा अंदाज तूच कर. कुठल्या जाती किती आहेत आणि कवचातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण काय आहे, यावरून हजारो वर्षांपूर्वी तिथलं पाणी किती गार होतं ते सांगता येतं. त्या दोन उन्हाळ्यांतून जे आणलं ते वाचायला इतकी वर्षं लागतात. बर्फातला फोटो वर्तमानपत्रात येतो. खुर्चीवर वाकून बसलेल्या बाईचा फोटो कोण छापणार? तुझ्या कपाटाच्या दारावर त्यांच्या कामाचा अगदी लहान तुकडा चिकटवलेला होता, आणि बाकीचं काम त्यांनी स्वतः सांगितलं.

आपल्या गोव्यात हे सगळं दाराशी आहे, आणि तरी आपल्या मुलांना ते फारसं माहीत नसतं याची मला खंत वाटते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 पासून आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम 6 डिसेंबर 1981 ला गोव्यातूनच निघाली. तिचे नेते डॉ. कासिम हे त्याआधी याच संस्थेचे संचालक होते. वास्कोला सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. तिथे बर्फाचे गाभे ठेवायला आणि कापायला उणे 20 अंशांच्या खोल्या आहेत. बाहेर मे महिन्याचा घाम आणि आत जाडजूड कोट घालून बर्फाचा काप काढणारा माणूस! तुझ्या घरापासून तिथपर्यंत जायला दोन-तीन बसगाड्या पुरतात.

डॉ. अदिती पंत यांचं नाव तू ऐकलंच असशील. त्या मूळच्या नागपूरच्या. डिसेंबर 1983 मध्ये मुरगावहून निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. पण अदितीताईंची दिशा ठरली ती पुण्यात शिकताना हाती आलेल्या प्लवकांवरच्या एका पुस्तकामुळे. प्लवक म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे, बहुतेक डोळ्यांना न दिसणारे जीव. पुढे हवाई विद्यापीठात त्यांनी त्याच प्लवकांच्या प्रकाशसंश्लेषणावर काम केलं, लंडनला सागरी शैवालांवर पीएच.डी. केली, मग दोनापावलाला येऊन आपल्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षानुवर्षं अभ्यास केला. आधी शेवाळ, मग बर्फ. हा क्रम नीट बघ.

तेव्हा तुला आधी एक गोष्ट ठरवावी लागेल. तुला अंटार्क्टिका हवंय की समुद्राचा अभ्यास? दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, पण त्यांचे रस्ते वेगळे आहेत. ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या आपल्या तळांवर फक्त शास्त्रज्ञ राहत नाहीत. डॉक्टर लागतो, स्वयंपाकी लागतो, जनरेटर आणि बर्फावरची वाहनं चालती ठेवणारे मेकॅनिक लागतात, इलेक्ट्रिशियन, संदेशवहन सांभाळणारे लागतात. हिवाळी तुकडीतली माणसं वर्षभराहून जास्त काळ तिथे काढतात. बर्फावर राहणं हेच तुझं स्वप्न असेल तर डॉक्टर किंवा इंजिनियर होऊन तू कदाचित त्या मॅडमपेक्षा जास्त दिवस तिथे राहशील.

हे ठरवायला पुस्तकी सल्ला नको. सुट्टीतले तीन दिवस काढ. मिरामारला किंवा जवळ पडेल त्या किनाऱ्यावरून एक चमचा वाळू आण, जास्त नको. नळाच्या पाण्याने दोनदा धू आणि वाळव. काळ्या कागदावर पेन्सिलीने चौकोन आखून ती पातळ पसर. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला डिसेक्टिंग मायक्रोस्कोप वापरायची परवानगी सरांकडे माग, नाहीच मिळाली तर चांगलं भिंग घे. चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश घे, त्याचं टोक ओलं कर आणि एकेक कण उचल. पारदर्शक गारगोटीचे एकीकडे, काळे जड खनिजांचे दुसरीकडे, शिंपल्यांचे तुकडे तिसरीकडे. शिंपल्यांच्या ढिगात एखादा कण आखीव गोल किंवा गोगलगायीसारखा वळलेला, आत कप्पे असलेला दिसला तर थांब. ते कदाचित फोरॅमिनिफेरा असेल. एकही मिळालं नाही तर वहीत शून्य लिही, शून्य हीसुद्धा नोंद असते. रोज तीनशे कण. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेव.

पहिल्या दिवशी मजा वाटेल, त्यावर विश्वास ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी मान अवघडेल आणि ब्रशवरून कण उडून जाईल. तिसऱ्या दिवशी दीडशेव्या कणापाशी तुझ्या मनात काय चाललंय ते बघ. ‘कधी संपणार’ असं वाटतंय, की ‘या चौकोनात काळे कण जास्त का?’ असं? कंटाळा या दोन्ही प्रकारच्या मुलींना येतो. दुसरीला त्यातून प्रश्न सुचतो. मॅडमनी जे विचारलं त्याचा अर्थ मला असा लागतो.

तुझ्या बाबांविषयी दोन शब्द, आणि हे त्यांनाही वाचून दाखव. त्यांचं चुकत नाही. गोव्यात औषधांचे कारखाने भरपूर आहेत, फार्मसी करून लवकर पगार सुरू होतो. समुद्रविज्ञानाचा रस्ता लांब आहे आणि तो तसाच सांगितला पाहिजे. आधी बी.एस्सी., तीन किंवा चार वर्षं. गाळ-खडकांकडे ओढ असेल तर भूविज्ञान घे. ते मिरामारच्या धेंपे महाविद्यालयात आहे, मडगावच्या चौगुले महाविद्यालयातही आहे. रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र घेऊनही पुढे येता येतं. मग एम.एस्सी., ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आणि भूविज्ञान दोन्ही आहेत. त्यानंतर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, त्यात पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रह विज्ञानाचा वेगळा पेपर असतो. ती फेलोशिपसह पास झालीस तर पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं दरमहा 37,000 रुपये आणि पुढे 42,000 रुपये मिळतात, वर घरभाडं. म्हणजे तिशीपर्यंत शिक्षणच चालेल, पण नेट झाल्यापासून बाबांच्या खिशाला हात लावावा लागणार नाही. कायम नोकरीच्या जागा मात्र कमी असतात, हे मी लपवणार नाही.

फार्मसीचा फॉर्म भरून ठेव, त्यात कसली हार नाही. त्या तीन दिवसांनंतर तुला आतून वाटलं की हे काम आपलं नव्हे, तर तीच वाट धर आणि फोटो कपाटाला राहू दे. माणसाचा आदर वाटण्यासाठी त्याचाच पेशा घ्यावा लागत नाही. आणि वाटलं की हेच, तर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून त्याच्या मागे लाग. जहाजावर जायची संधी बहुधा एम.एस्सी.नंतर येते. तेव्हा बोट लागेल, पोटात ढवळेल, आणि त्यातच नळीतला गाळ सांभाळावा लागेल, हेही आताच ऐकून ठेव.

राहिला तो सेल्फी. पुसू नकोस. तुला तो खोटा वाटतो, कारण त्यांच्या प्रश्नाला उत्तर न देता तू तिथून निघालीस. म्हणून त्यांना मेल लिही. शास्त्रज्ञांचे पत्ते बहुधा संस्थेच्या संकेतस्थळावर मिळतात. आठवीपासूनची कहाणी नको, ‘तुम्ही माझ्या प्रेरणास्थान’ हेही नको. पाच-सहा ओळी पुरेत, मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, जशी नीट लिहिता येईल तशी. ‘मॅडम, पणजीला तुम्ही मला विचारलं होतं की कंटाळा सहन होतो का. तेव्हा उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी मिरामारच्या वाळूचे नऊशे कण वेगळे केले.’ पुढे तिन्ही ढिगांचे आकडे लिही आणि मोजताना जो खरोखर पडला तो एकच प्रश्न विचार. आंतरवासिता मिळेल का, शिफारस कराल का, हे आत्ता काढू नकोस. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर आणि मग सोडून दे. ती माणसं महिनोन्‌महिने जहाजावरही असतात.

तिसऱ्या दिवशी जे वाटलं तेही त्यात जसंच्या तसं लिही. कंटाळा आला असेल तर आला म्हणून लिही. आणि त्या मेलची एक प्रत मला पाठव, उत्तर काहीही असलं तरी.

तुझी,
ताई